कमानीची शोभा

स्टेशनबाहेरचा बाजाररस्ता सुधारायचं ठरलं आणि नगरसेवक हुलवळ्यांनी हट्टच धरला: रस्त्याच्या तोंडाशी आपल्या नावाची भव्य कमान हवी!

बांगड्यांच्या दुकानातल्या प्रमिलाकाकू म्हणाल्या, "त्या जागी स्वच्छतागृह बांधा की. दिवसभर दुकानात बसणाऱ्या बायकांचे फार हाल होतात."

"काकू, बाजाराला आधी शोभा हवी. सोयीचं नंतर बघू."

"बरं," काकू हसल्या. "उद्या पाहणीला तरी या."

हुलवळे आले. पाहुण्याला दुकानावरून कोरडं जाऊ द्यायचं नाही, ही त्या बाजाराची रीत. रसवंतीत उसाचा रस झाला, शिंप्याकडे चहा, वाण्याकडे कोकम सरबत आणि काकूंकडे तांब्याभर ताक. नाही म्हणावं, तर मतं जातात! शेवटच्या दुकानाशी साहेबांची चुळबुळ सुरू झाली. ते काकूंच्या कानाशी लागले, "इथं जवळपास काही... सोय?"

काकू भर बाजारात खणखणीत आवाजात म्हणाल्या, "साहेब, आधी कमानीची शोभा बघा. सोयीचं नंतर बघू!"

आता त्या जागी ऐसपैस स्वच्छतागृह आहे. हुलवळ्यांचा हट्टही काकूंनी पुरवला: दारावर नाव त्यांचंच आहे.