पाणवठ्याचा राखणदार

डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक सशीण आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. त्या उन्हाळ्यात सगळे झरे आटले आणि एकच पाणवठा उरला. तिथे भांडणे होऊ नयेत म्हणून म्हाताऱ्या हत्तिणीने एका सांबराला राखणदार नेमले आणि त्याच्या गळ्यात बहाव्याच्या पिवळ्या फुलांची माळ घातली. नियम दोनच. लेकुरवाळ्यांनी आधी प्यायचे आणि राखणदाराने सर्वांत शेवटी.

एके सकाळी करवंदीच्या जाळीत अडकून सांबराची माळ निसटली, वर खुरात काटाही रुतला. बिचारे लंगडत मागे राहिले. कोल्ह्याला ती माळ दिसली मात्र, ती गळ्यात घालून तो ऐटीत पाणवठ्यावर हजर! "सांबराची सुट्टी! आजपासून राखणदार मी," तो गुरगुरला. "मागे सरा सगळे!" मुलांनो, पाणवठ्यावर चांगली शिंगेवाली जनावरे होती, पण माळ पाहिली आणि सगळी मुकाट्याने मागे सरली.

ऊन चढले. सशिणीचे धाकटे पिल्लू तर तहानेने मलूल झाले. तिचा जीव कासावीस झाला. पण राखणदाराला बोलायचे कसे? इतक्यात कोल्ह्यालाच तहान लागली. तो पाण्यात उतरला आणि सर्वांच्या आधी लपालपा पिऊ लागला. ते पाहताच सशिणीची भीती कुठल्या कुठे पळाली.

"अहो कोल्होबा, राखणदार शेवटी पितो!" ती ओरडली. "तुम्हाला नेमलं तरी कुणी?"

"ही माळ दिसत नाही का?"

"दिसते की. ती गळ्यात कुणी घातली, ते सांगा."

तेवढ्यात सांबर लंगडत आले. कोल्ह्याने हळूच माळ काढून ठेवली; सांबराने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "लेकुरवाळ्यांनो, पुढे या," ते म्हणाले. "कोल्होबा, तुम्ही रांगेत उभे राहा. तुमचीही पाळी येईल."

पोटभर पाणी पिऊन धाकटे पिल्लू टवटवीत झाले आणि लगेच त्याला प्रश्न पडला. "आई, सांबरदादांच्या गळ्यात तर माळच नाही. मग ते राखणदार कसे?"

सशीण हसली. "ते पाणी कधी पितात, तेवढं बघ."

दुपार टळली. रांगेतला शेवटचा कोल्हाही पिऊन गेला, तेव्हा कुठे सांबराने पाण्याला तोंड लावले.

तात्पर्य : अधिकाराची खूण कुणालाही गळ्यात घालता येते; पण सोपवलेले काम करताना जो नियम आधी स्वतःला लावतो, त्यालाच खरा अधिकारी म्हणावे.