बोअरचं पाणी आणि काळा कोट

सोसायटीच्या फाटकाशी रखमाजी परटाची टपरी होती. वाफेच्या इस्त्रीसाठी त्यानं फिल्टरचं पाणी मागितलं, तर चेअरमन टिपणीस म्हणाले, "परटाला कसले चोचले? बोअरचं घे."

पुढं त्यांच्याच काळ्या कोटावर क्षाराचे पांढरे डाग उमटले. टिपणीस चारचौघांत ओरडले, "तुझे हातच घाणेरडे! आजच टपरी उचल."

"उचलतो साहेब. आधी हेच पाणी तुमच्या घरच्या इस्त्रीत भरून बघा. डाग पडला नाही, तर हात माझे घाणेरडे."

"माझी इस्त्री बिघडवायला मी खुळा आहे काय?"

लोक हसले.

"म्हणजे पाणी कसलं ते साहेबांना ठाऊक होतं," रखमाजी म्हणाला. "कीव इस्त्रीची आली, माणसाची नाही."

टपरी राहिली. माफी मागायचं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही.