पिसातली गाठ

त्या राज्यात पंख थरथरणे हे पापाचे लक्षण मानले जाई. सज्जन क्रौंचाचे पंख म्हातारपणापर्यंत साथ देतात आणि पाप्याचे ऐन उमेदीत दगा देतात, हे तिथल्या पिल्लांनाही पाठ होते.

धवला नावाच्या क्रौंच मादीच्या घराण्यात ही थरथर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तिच्या आईचे पंख एका शरदात ऐकेनासे झाले, तेव्हा थव्याने तिला वाळीत टाकले. थव्याचा म्होरक्या जरठ तिला येता-जाता विचारी, "काय केलंस ते एकदा सांगून तरी टाक." मग ती बिचारी आठवून आठवून काहीबाही कबूल करी. कधी कुणाचा मासा उचलला होता, कधी सासूला उलटून बोलले होते. थरथर थांबली नाही. डोंगर ओलांडताना ती खिंडीत कोसळली. पुढे धवलाचा भाऊ श्यामल याचेही पंख थरथरू लागले. त्याने कबुली दिली नाही. तो थवा सोडून निघून गेला आणि पुन्हा दिसला नाही.

नंतर त्या सरोवरावर एक हंस आला. दूध आणि पाणी वेगळे करणारी त्याची चोच सगळ्यांना ऐकून ठाऊक होती. त्याने प्रत्येक घरट्यातून एकेक पीस मागून घेतले. गेलेल्यांची घरट्यात उरलेली पिसेही नेली. कित्येक ऋतू तो ती पाण्यात बुडवून, उन्हात धरून पाहत राहिला. अखेर त्याने थवा जमवला.

"हे पाप नव्हे," हंस म्हणाला. "काही पिसांच्या दांडीत एक बारीक गाठ असते. ती आईबापांकडून पिल्लात उतरते, नाहीतर उतरत नाही. कुणात उतरायचं, हे कुणाच्याही वागण्यावर ठरत नाही. ज्याच्यात ती उतरली, त्याचे पंख एक दिवस थरथरणारच."

धवला पुढे आली. "म्हणजे माझ्या आईनं काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही, बाई."

ती त्या सगळ्यांदेखत रडली. जरठही खिंडीकडे तोंड करून बराच वेळ मान खाली घालून उभा राहिला. त्या संध्याकाळी कितीतरी घरट्यांतून गेलेल्यांची नावे, वर्षांनुवर्षे गिळलेली, पुन्हा मोठ्याने घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी धवला एकटी हंसाकडे गेली.

"माझ्या पिसात?"

हंसाने आधी विचारले, "खरंच ऐकायचंय?"

"सांगा."

"आहे."

पाण्यावरचा वारा पडला होता. धवलाने आपले पंख उघडून पाहिले. ते अजून स्थिर होते, आणि तेच तिला सोसवेना.

"मग काढा ती गाठ."

"मला ती निवडून दाखवता येते," हंस हळूच म्हणाला. "काढता येत नाही. अजून तरी कुणालाच काढता येत नाही."

"एवढं कळलं, आणि एवढंच?"

हंस तिच्याशेजारी नुसता उभा राहिला. जायला निघाली तेव्हा धवलाने विचारले, "पिल्लाचं कधी कळतं?"

"पहिलं कोवळं पीस गळलं की."

धवलाला एकच लेक होती, केतकी. त्या दिवसापासून धवला तिला पंखाखालून हलू देईना. लेक चिडे, चोच मारी. शेजारणी म्हणत, "अगं, उडू दे की पोरीला!" शेवटी एका सकाळी केतकी निसटलीच. काठावरून धावत तिने पंख मारले, पडली, पुन्हा धावली आणि खरोखरच वर गेली.

"आई, बघ ना! मी उडतेय!"

धवलाने वर पाहिले. लेकीच्या पंखातून एक कोवळे पांढरे पीस सुटले, गिरक्या घेत खाली आले आणि पाण्यावर टेकले. पलीकडच्या काठावर हंस उभा होता. त्यानेही ते पाहिले, आणि मान वळवून तो दुसरीकडे बघू लागला.

पीस दोघांच्या मध्ये तरंगत राहिले. वर लेक हाका मारत होती. ते उचलायला धवलाने एक पाय पाण्यात घातला आणि ती तशीच उभी राहिली.