मुंगूसरावांचा भोपळा

भोपळ्यात आवाज साठवता यायचा, त्या काळची ही गोष्ट. चिंचेखाली साळुंकी रोज गोष्ट सांगायची आणि ऐकणारे तिच्यापुढे मूठभर दाणे ठेवायचे. मुंगूसरावांनी मात्र शक्कल लढवली. वाळक्या भोपळ्यात गोष्ट भरून ते बिळात नेत आणि साऱ्या आळीला फुकट ऐकवत.

"घरचा भोपळा, घरचं बीळ. दाणे कशाला?" ते मिशीला पीळ देत म्हणायचे. हळूहळू चिंचेखाली कुणी फिरकेना.

एकदा गोष्टीतल्या कोल्ह्याने विहिरीत वाकून पाहिलं आणि पुढचं उद्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी साळुंकी आलीच नाही. पोरांनी बीळ डोक्यावर घेतलं, "विहिरीत कोण होतं?"

मुंगूसराव धावले. साळुंकी शेतात दाणे टिपत होती.

"साळुंकीबाई, पुढची गोष्ट?"

"रचलीच नाही हो. दिवस पोटामागे जातो."

"अहो, पण माझा भोपळा रिकामा आहे!"

"भोपळा छानच आहे, खुशाल ठेवा. पण त्यात गोष्ट राहते, पिकत नाही."

मुंगूसराव खाली मान घालून गेले आणि तोच भोपळा दाण्यांनी गच्च भरून घेऊन आले. साळुंकी खाऊ लागली.

"आता तरी सांगा, विहिरीत कोण होतं?"

"सांगते की! आधी भोपळा रिकामा तर होऊ द्या."