घुंगरांचे जोडे

जिथे घोड्याला नाल ठोकणं पाप समजत, अशा एका डोंगराळ मुलखात एक घोडेवाला राहत होता. पापाचं कारण साधं होतं. तिथल्या घाटात उन्हाळ्यात कमरेएवढं गवत वाळून उभं असायचं. पूर्वी कधीतरी एका घोड्याचा नाल गारगोटीवर घासला, ठिणगी उडाली आणि बघता बघता अख्खा डोंगर पेटला. तेव्हापासून गावानं ठरवून टाकलं, की घाटात लोखंडाचा पाय जाणार नाही.

मग घोडी घाट चढणार कशी? खाली नदीकाठची माती मऊ. तिथे घोडं अनवाणी सुखात हिंडायचं. घाट मात्र काळ्या कातळाचा आणि धारदार खडीचा. म्हणून लोक घोड्यांच्या खुरांना चामड्याचे जोडे घालत. खाली जाड तळ, वर मऊ कातडं आणि आवळायला पट्टा. पायथ्याशी जोडे चढवायचे, माथ्यावर पोचलं की उतरवायचे.

घाटाच्या मध्यावर एक सपाट जागा होती. तिला पायमोकळी म्हणत. तिथे सगळा तांडा थांबायचा. प्रत्येकानं आपल्या घोड्याचे जोडे काढायचे, आत शिरलेले खडे झटकायचे, टाचेवरून हात फिरवून कातडं कुठे घासतंय का ते बघायचं आणि मगच पुढे निघायचं. या कामाचा कुणी कंटाळा करत नसे.

आपला घोडेवाला तर यात तयार गडी. त्याच्याकडे एक तांबूस घोडी होती, भिंगरी नावाची. शिंगरू होती तेव्हापासून त्यानं तिला वाढवलं होतं. तिचे खूर तो स्वतः तासायचा, जोड्यांना तेल स्वतः लावायचा. नवख्या घोडेवाल्यांना तो तोऱ्यात सांगायचा, "जोडा तळहाताच्या दाबानं बसला पायजे. मागं टाचंपाशी बोट फिरलं पायजे. हातोडी लागली तर तो जोडा न्हवं, बेडी झाली."

म्हणजे पुढे जे झालं ते त्याला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय नाही. माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

पण माणसाच्या मनात एखादं कुसळ असतं. ते दिसत नाही आणि निघतही नाही. घोडेवाल्याच्या मनातलं कुसळ म्हणजे आघाडी. दरवर्षी सुगी संपली की मिठाच्या गोण्या घेऊन पहिला तांडा वरच्या गावाला जायचा. सगळ्यांत पुढे जे घोडं, त्याच्या गळ्यात झेंडूच्या माळा. वरच्या गावच्या बायका त्याला ओवाळायच्या. त्याच्या मालकाला फेटा मिळायचा. आणि आपला घोडेवाला दरवर्षी मागे, पुढच्यांची धूळ खात.

"भिंगरीत काय कमी हाय?" तो बायकोला विचारायचा.

"काय बी न्हाई," बायको म्हणायची. "तिला पुढं जायाची हौस न्हाई, तुमाला हाय."

त्या वर्षी भिंगरीच्या जोड्यांचे तळ झिजून पातळ झाले. नवे घेणं भागच होतं. नवरा-बायको जत्रेला निघाले. निघताना बायकोनं भिंगरीच्या खुराला ज्वारीचं धाट लावलं, नखानं खूण केली आणि तेवढा तुकडा मोडून पदराला बांधला.

जत्रेत जोड्यांची दुकानं ओळीनं लागली होती. बायकोनं एका दुकानातून मातकट रंगाचे जोडे उचलले. तळ जाड, शिवण घट्ट, आतली कड मऊ. तिनं धाटाचा तुकडा आत ठेवला. नेमका बसला. "हे घ्या," ती म्हणाली. "झाक हायेत."

पण घोडेवाल्याचं लक्ष पलीकडे गेलं होतं. तिथे चारही खुरांची एक जोड टांगली होती. हिरवं चामडं, त्यावर पिवळ्या रेशमाची वेलबुट्टी आणि वरच्या काठाला पितळी घुंगरं. वाऱ्यानं जरा हलली की छुमछुम वाजायची. घोडेवाल्यानं ती जोड हातात घेतली आणि त्याला डोळ्यांसमोर माळा दिसू लागल्या, ओवाळणारी ताटं दिसू लागली, फेटा तर डोक्यावर बसलासुद्धा.

बायकोनं त्यात धाटाचा तुकडा घालून बघितला. बसेना. "अरुंद हायेत," ती म्हणाली.

"हीच शेवटची जोड हाय," दुकानदार म्हणाला. "आन् कातडंच हाय ना ते, वैनी. वापरलं की सैल व्हतंय."

जोडे विकणारे आजही हेच सांगतात आणि घेणारे आजही ऐकतात. फरक एवढाच, की आपण आपल्या पायात घालतो आणि चावायला लागले की काढून भिरकावतो.

"आवं, तिच्या पायात जायाचे न्हाईत ते," बायको म्हणाली.

"जातील. म्या घालतो," घोडेवाला म्हणाला आणि घुंगरांचे जोडे घेऊन घरी आला.

जोडे गेले नाहीत. दाबून बघितले, तेल लावून बघितले, ओलं फडकं ठेवून कातडं ताणून बघितलं. खूर अर्ध्यातच अडकायचा. दुसऱ्या दिवशी म्होरके घोडी बघायला येणार होते. म्होरके म्हणजे तांड्याचे पुढारी, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे एक म्हातारे गृहस्थ. आघाडीचं घोडं तेच ठरवत.

घोडेवाल्यानं कानस घेतली आणि भिंगरीचा खूर मांडीवर धरला. रोजची गोष्ट असल्यासारखी ती उभी राहिली. तो तासत गेला. कडेनं थोडं, पुढून थोडं, पुन्हा कडेनं थोडं. करवतीखाली भुसा पडावा तसा खुराचा कीस जमिनीवर पडत होता.

बायको पाणी घेऊन आली ती तो ढीग बघून थबकली. "एवढं तासलंत? जोडा खुरासाठी आणलाय, का खूर जोड्यासाठी?"

"वाढतोय की परत," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"वाढंल तवा वाढंल. घाट परवा हाय."

बोलणं खरं होतं. मग माणूस जे करतो ते त्यानं केलं, तो चिडला. "तू तुझी चूल बघ," असं म्हणून त्यानं कानस पुन्हा चालवली. शेवटी हातोडीच्या मुठीनं ठोकून ठोकून जोडे एकदाचे चढले.

भिंगरी अंगणात चालली आणि घुंगरं वाजली. पोरं गोळा झाली, शेजारी कौतुक करू लागले. दुसऱ्या दिवशी म्होरके आले, त्यांनी लांबून बघितलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "औंदा आघाडीला भिंगरी."

घोडेवाल्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

तांडा निघाला तेव्हा भिंगरी सगळ्यांच्या पुढे होती. गळ्यात माळा, पाठीवर मिठाच्या गोण्या, पायांत घरूनच चढवलेले हिरवे जोडे. घोडेवाल्याची छाती फुगली होती. एरवी तो चालताना घोडीच्या पावलांकडे कान ठेवायचा. चारही पावलं सारखी वाजतात का, एखादं हलकं पडतं का, हे त्याला न बघता कळायचं. आज घुंगरांच्या आवाजात पावलं ऐकूच येत नव्हती. त्यालाही ती ऐकायची फारशी आठवण नव्हती.

चढ लागला. कातळ सुरू झाला. एका वळणावर भिंगरी थांबली. तिनं पुढचा उजवा पाय जरासा वर धरला आणि मान वळवून धन्याकडे बघितलं.

घोडं ओरडत नाही. कुत्रं केकाटतं, बैल हंबरतो, माणूस तर टाचणी लागली तरी आईला हाक मारतो. घोड्याला दुखलं की ते फक्त थांबतं आणि बघतं. ज्याला बघून कळायचं त्याला कळतं.

घोडेवाल्याला कळलं. पण मागून तांडा येत होता. "चल गं माझे बाय," तो तिची मान थोपटत म्हणाला. "पायमोकळी आली की काढतो."

भिंगरीनं पाय खाली टेकवला आणि ती चालू लागली.

पायमोकळी आली. तांडा थांबला, सगळे आपापल्या घोड्यांचे जोडे काढायला बसले. घोडेवालाही खाली बसला. त्यानं पट्ट्याला हात घातला आणि त्याचा हात तिथेच राहिला. जोडे आता निघतील, पण परत चढतील कसे? घरी घालायला अख्खी सकाळ गेली होती. इथे सगळ्यांसमोर हातोडी काढायची? नवख्या पोरांसमोर, ज्यांना आपण तळहाताचा दाब शिकवला? आणि जोडे नाही चढले तर भिंगरी इथेच थांबणार, माळा दुसऱ्याच्या घोड्याच्या गळ्यात जाणार.

त्यानं पट्टा सोडला नाही. नुसतंच सोडल्यासारखं केलं, जोड्यावरची धूळ पुसली आणि उठून उभा राहिला.

म्होरके फिरत फिरत आले. "काढून बघितले का रं?"

"बघितले, आबा."

"ठीक हाय ना समदं?"

"ठीक हाय."

म्होरक्यांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? या माणसानं आजवर घोडीच्या बाबतीत कधी हयगय केली नव्हती.

उरलेला घाट भिंगरी कशी चढली हे तिलाच ठाऊक. ती आणखी थांबली नाही. एकदा थांबून सांगितलं होतं, ते ऐकलं गेलं नव्हतं. घोडेवाला तिच्या शेजारून चालत होता आणि सारखं म्हणत होता, "आलंच आता. आलंच बघ." ते तो तिला सांगत होता की स्वतःला, देव जाणे.

माथ्यावर वाजंत्री लागली. बायकांनी भिंगरीला ओवाळलं, पोरांनी घुंगरांना हात लावून बघितले, घोडेवाल्याच्या डोक्यावर फेटा चढला. जन्मभर ज्याची वाट बघितली तो क्षण हाच, आणि त्याचं सगळं लक्ष खाली होतं. भिंगरी पुढचे पाय आलटून पालटून उचलत होती. हिरव्या चामड्याच्या वरच्या काठातून काहीतरी ओलं झिरपत होतं.

तो तसाच फेट्यानिशी खाली बसला आणि त्यानं पट्टे सोडले. जोडे निघेनात. शेवटी सुरीनं कातडं कापून काढावे लागले. टाचा सोलून निघाल्या होत्या. तासून पातळ केलेल्या खुराला खालून तडा गेला होता आणि एक धारदार खडा त्या तड्यात आतपर्यंत रुतला होता. खडा पहिल्या चढावरच शिरला असणार. पायमोकळीला जोडा काढला असता तर बोटानं निघाला असता.

वाजंत्री थांबली. म्होरके जवळ आले, त्यांनी पाय बघितला. आता हे आपल्याला चारचौघांत फाडून खाणार, असं घोडेवाल्याला वाटलं. खातील तर बरं, असंही वाटलं. पण म्होरके एवढंच म्हणाले, "मधीच बोलला असतास, तर गोण्या आमी वाटून घेतल्या असत्या. घोडी रिकामी हळूहळू खाली गेली असती."

हे घोडेवाल्याला सुचलंच नव्हतं. आघाडी जाईल, लोक हसतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मदत मागता येते आणि लोक ती करतात, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं डोक्यावरचा फेटा काढला, फाडला आणि भिंगरीच्या पायांना गुंडाळला. तो हुंदके देत रडला आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यानं केला नाही.

भिंगरीला खाली आणायला बरेच दिवस लागले. बायको दारात उभी होती. तिनं पाय बघितले आणि कडुनिंबाचा पाला उकळायला ठेवला. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मुलखातला चांगला वैद्य आणला. टाचा भरल्या, पू थांबला, खूर वाढला. पण तो आतून वाकडा वाढला. मऊ मातीत भिंगरी चालायची, कधी दुडक्या चालीनंही जायची. कातळावर मात्र तिचा पाय टिकेना. वैद्य म्हणाला, "हिला आता घाट न्हाई."

पुढच्या वर्षी सुगी संपली. तांडा जमला. नदीकाठच्या वाटेनं घोड्यांची रांग निघाली. भिंगरी कुरणात चरत होती. सोबतीच्या घोड्यांचा वास आला तशी तिनं मान वर केली, कान टवकारले आणि वाटेच्या कडेपर्यंत लंगडत धावत आली. ती खिंकाळली. तिकडून दोन-चार घोड्यांनी तिला उत्तरही दिलं. मग ती वळून धन्याजवळ आली आणि पाठ त्याच्या बाजूला करून उभी राहिली, गोण्या लादायला.

घोडेवाल्यानं तिच्या मोकळ्या पाठीवर हात ठेवला. "न्हाई गं," तो म्हणाला. "आपुन न्हाई जायाचं."

तिला ते काय कळणार? रांग वळणाआड गेली, धूळ खाली बसली, तरी भिंगरी तशीच उभी होती.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: जे मुकाट चालतं त्याला दुखत नाही असं समजू नये, त्यानं थांबून आपल्याकडे बघितलं, की आपली हौस बाजूला ठेवून तिथल्या तिथे वाकून त्याचा पाय बघावा, कारण माथ्यावर पोचल्यावर बघितलं तर फक्त रडता येतं.