शर्यतीत पहिला आलेला ससा

माझी शाळा लहानपणीच सुटली, म्हणून लिहिण्यात चुका असतील आणि शब्दही साधेच आहेत. माफ करा.

फार पूर्वी पाखरी नावाची एक शिकारी कुत्री होती. दोरीने ओढल्या जाणाऱ्या चिंध्यांच्या सशामागे ती शर्यतीत धावायची. एका शर्यतीच्या दिवशी तिचा पाय सुजला होता. आणखी एकदा धावली असती, तर पाय कायमचा गेला असता.

सुरुवातीच्या रेषेवर तो ससा म्हणाला, "पाखरे, आज तरी बस गं. माझ्या पोटात नुसता भुसा आहे."

"मग तू पळतोस कशाला?"

"मी कुठं पळतो? मला ओढतात."

पाखरी विचारात पडली. "अरे, मग माझंही तेच झालं की!"

शिट्टी वाजली. ससा सुटला, पण पाखरी खाली बसली. सगळं ऐकणारी बाकीची कुत्रीही बसली. ससा एकटाच पोहोचला. लोकांनी हसत हसत बक्षिसाचा फेटा त्यालाच बांधला.

मालक धोंडीबा धावत आला. "ऊठ की गं, लोक हसतायत!"

पाखरीने सुजलेला पाय त्याच्या हातावर ठेवला. धोंडीबा तिला उचलून घरी घेऊन गेला.

गोष्ट लिहून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन आमच्या हरणी कुत्रीचं नाव शर्यतीच्या यादीतून खोडून आलो. तिथले सगळे हसले. घरी हरणी अजून झोपली होती.