चौकटीहून उंच आंबा

“फांदी कापायची नाही! घराची चौकट फोडा!” कुंडीतला आंबा ओरडत होता. झाडं माणसांसारखी भांडायची, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावरच्या त्या गावात हिवाळ्यात बर्फ पडे, म्हणून कुंड्यांतली फळझाडं छाटून घरात घेत. जे दारात मावलं नाही, ते बाहेर राहून मरायचं.

म्हातारी लिंबोणी छाटून घेऊन कधीच आत बसली होती. तिनं विचारलं, “मेल्या, ना मोहोर, ना कैरी. नुसत्या फांद्यांचा कसला रे एवढा तोरा?”

“मी हापूस आहे, हापूस! छाटायचं ते तुमच्यासारख्या आंबटांना.”

“वा मालक, काय हा बाणा!” मनीप्लांटची वेल म्हणाली आणि अंग गुंडाळून मुकाट्यानं आत गेली.

थंडीनं आंब्याची पानं काळी पडू लागली. तरी तो कुडकुडत म्हणतच होता, “चौकट फोडा!”

शेवटी लिंबोणी असं काही बोलली, की त्यानं निमूट सगळ्या फांद्या कात्रीपुढे केल्या. ती म्हणाली, “फोडतील रे बाबा, पण त्याच भगदाडातून तुझ्या मागोमाग थंडीही आत येईल, मग ऊब शोधायला तू जाशील कुठे?”